पेव्हरचा सेन्सर आणि माझी चुकलेली बातमी

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. सवडीने वाचा, पण वाचा. कारण यात माझ्याच एका बातमीची दुरुस्ती आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या बायपासच्या डांबरीकरणाची बातमी मी केली होती. बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण तुम्हीच ती गावभर फिरवली होती. नव्या रस्त्यावर महिनाभरातच लाटा दिसायला लागल्या, मोटारसायकल घेऊन गेलं की झोपाळ्यावर बसल्यासारखं व्हायचं, आणि मी सरळ लिहून मोकळा झालो की डांबर खाल्लं. लोकांनाही ते पटलं. आपल्याकडे रस्ता बिघडला की कारण एकच, कोणीतरी खाल्लं.

पुढे तपासणी झाली. रस्त्याला गोल भोकं पाडून नमुने काढतात, त्याला कोअर म्हणतात, ते प्रयोगशाळेत गेले. डांबराचं प्रमाण बरोबर निघालं. गिट्टीची प्रतवारी बरोबर. जाडी मात्र एका ठिकाणी २८ मिलीमीटर आणि तिथून वीस-पंचवीस पावलांवर ५२. पाहिजे होती ४०. आणि गंमत बघा, सगळ्या नमुन्यांची सरासरी काढली तर ४० च्या आसपासच येते! म्हणजे माल पूर्ण आला होता, पूर्ण पडलाही होता, फक्त लाटा करून पडला होता. तोपर्यंत साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्याची बदली होऊन गेली होती. ती माझ्या बातमीमुळे झाली असं कोणी लेखी दिलेलं नाही. पण झाली.

मग मला ती रात्र आठवली.

मार्च महिना, रात्रीचे साडेदहा. बायपासवर हॅलोजन लावून काम सुरू होतं, मी फोटो काढायला गेलो होतो. पेव्हर उभा. मागे सहा हायवा गरम माल भरून, ताडपत्र्या टाकून रांगेत. हा माल म्हणजे भजी नव्हे, की थंड झाली तर पुन्हा तळून घेऊ. टाकताना तो साधारण १४० अंशांच्या वर असावा लागतो आणि ९० च्या खाली उतरण्याआधी रोलर मारून संपवावं लागतं. पेव्हरच्या डाव्या बाजूला एका डब्यावर लाल दिवा लागला होता. ऑपरेटर झारखंडचा पोरगा. त्याने डबा हलवून पाहिला, कनेक्टर काढून फुंकर मारली, परत लावला. दिवा लालच. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन झाला, उत्तर आलं की उद्या दुपारपर्यंत माणूस येईल. मुकादमाने मागच्या गाड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चलाओ." पोराने एक बटण ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलं. मशीन सुरू. "बस, हो गया साहब."

मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला, ओळ माझीच : बायपासचे काम रात्रंदिवस वेगात.

ते बटण काय होतं हे तेव्हा मला कळलं नव्हतं. कोअरचा अहवाल आल्यावर डोक्यात किडा शिरला आणि मी या मशीनच्या इतिहासाच्या मागे लागलो. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे कोणी शिकवत नाही.

आधी आपल्याकडचं थोडं. देशातल्या रस्त्यांचा पहिला नीट विचार ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष आपले मराठी माणूस, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समिती नेमली १९२७ मध्ये. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्याला लावा ही तिची शिफारस, त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. १९४३ च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते जमले ते नागपूरला. वीस वर्षांचा आराखडा झाला, दर शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता. इतिहासात तो नागपूर प्लॅन म्हणूनच ओळखला जातो.

पण निधी आला, आराखडा आला, तरी रस्ता करत होते हातच. गिट्टी फोडणारे हात, घमेली वाहणारे हात, झारीने डांबर शिंपडणारे हात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो बायामाणसांनी खडी फोडली. माझी आजी त्यातलीच. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत सरळ आलं नाही. हाताने टाकलेल्या रस्त्याला खाचखळगे असायचेच, त्यात कोणाला नवल नव्हतं.

अमेरिकेत हाच प्रश्न चाळीस वर्षं आधी आला होता. मोटारी वाढल्या, वेग वाढला आणि फावड्याने ओढलेला रस्ता त्या वेगाला पुरेना. काँक्रीटच्या रस्त्यांसाठी तेव्हा मशीन होतं, पण ते रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या ठोकून त्यावरून रुळावरच्या गाडीसारखं चालायचं. पट्टी सरळ तर रस्ता सरळ. पट्ट्या ठोकायलाच अर्धा दिवस जायचा.

इलिनॉय राज्यात ऑरोरा नावाचं गाव आहे. तिथे हॅरी बार्बर आणि विल्यम ग्रीन या दोघांनी १९१६ मध्ये कंपनी काढली होती, बार्बर-ग्रीन. मूळ धंदा माल भरायच्या यंत्रांचा आणि कन्व्हेअरचा. १९३० च्या दशकात बार्बरने डांबरी रस्त्यासाठी जे मशीन बनवलं, त्याने त्या कडेच्या पट्ट्याच काढून टाकल्या. जगातला प्रत्येक डांबरी पेव्हर आजही त्याच तत्त्वावर चालतो. आपल्या बायपासवरचाही.

हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला इंजिनिअरपेक्षा लवकर कळेल. वखर आठवा. बैल पुढे ओढतात, मागे लोखंडी पास जमिनीत चालते. पास किती खोल जाईल हे कशावर ठरतं? तुम्ही वरून किती दाबता यावर थोडं, पण जास्त करून दोर पुढे किती उंचीवर बांधला आहे यावर. दोर वर घेतला की पासेचा कोन बदलतो आणि खोली बदलते. पेव्हर म्हणजे उलटा वखर. पुढे ट्रॅक्टरसारखं धूड आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना लांब लोखंडी हात आहेत, आणि त्या हातांच्या शेवटी मागे एक जड गरम पाटा ओढला जातो. त्याला स्क्रीड म्हणतात. हा पाटा कशावरही टेकलेला नसतो, मालावर तरंगतो. हात जिथे पुढे जोडलेला असतो ती जागा वर घेतली की पाट्याचं तोंड किंचित उचललं जातं, तो मालावर चढतो आणि थर जाड होतो. खाली घेतली की पातळ.

आता यातली मेख. पाटा लगेच चढत नाही. जोडाची जागा हलवल्यावर मशीन एका हाताच्या लांबीइतकं पुढे जातं तेव्हा जेमतेम साठ-पासष्ट टक्के फरक पडलेला असतो, आणि पूर्ण फरक पडायला साधारण पाच हात लांबी जावी लागते. हात अडीच-तीन मीटरचा धरला तर बारा ते पंधरा मीटर. खालचा रस्ता खडबडीत असला तरी पाटा प्रत्येक खड्ड्यात उतरत नाही, तो या संथपणामुळेच. बार्बरच्या कल्पनेतली हुशारी नेमकी इथे आहे.

आणि माणसाची फजितीही इथेच आहे. थंडीत आंघोळ करताना गरम पाण्याचा नळ थोडा सोडला, पाणी गार आलं, अजून सोडला, तरी गार, अजून सोडला आणि एकदम अंग भाजलं, असं झालंय ना कधी? नळ आणि गीझरच्या मध्ये पाइप आहे, त्याला वेळ लागतो. पेव्हरच्या मागे चालणारा माणूस सळई खुपसून जाडी बघतो. कमी दिसली की हँडल फिरवतो. तीन मीटरवर परत खुपसतो, अजून कमी वाटते, परत फिरवतो. आधीचा फरकच अजून पूर्ण पडलेला नसतो. पंधरा मीटरवर थर फुगतो. मग उलटं फिरवतो. झाली लाट तयार. २८ आणि ५२ असेच आले. मी हे त्या झारखंडच्या पोराला दोष द्यायला लिहीत नाहीये. जाणता हात मॅन्युअलवरही चांगला रस्ता टाकतो, पण तो हँडलला हात लावत नाही म्हणून. हात न लावणं शिकायला वर्षं जातात.

१९३० च्या त्या मशीनमध्ये वीज जवळजवळ नव्हतीच. इंजिन, साखळ्या, क्लच, लिव्हर. बिघाड झाला तर डोळ्याला दिसायचा, साखळी तुटलेली दिसते. पुढे मालाच्या पेटीत झुलतं पातं आलं. माल भरला की पातं उचललं जातं, स्विच तुटतो, कन्व्हेअर थांबतो. स्विच, रिले आणि चार वायरी. बिघाड शोधायला टेस्ट लॅम्प पुरायचा. ज्याने घरातली ट्यूबलाइट दुरुस्त केली असेल तो हेही करू शकला असता.

मग एक मोठा प्रयोग झाला, तोही इलिनॉयमध्येच. १९५८ ते १९६० या काळात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर लष्करी चालकांकडून दोन वर्षं ट्रक फिरवले. आशो रोड टेस्ट. रस्ता किती भार सोसतो हे त्यांना मोजायचं होतंच, पण सोबत त्यांनी एक साधी गोष्ट केली. माणसांना गाडीत बसवून रस्त्यांवरून नेलं आणि शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. मग ते गुण आणि रस्त्याची मापं जुळवून पाहिली. तडे, ठिगळं, चाकोऱ्या या सगळ्यांपेक्षा माणसाचं मत ठरत होतं ते रस्ता किती वरखाली आहे यावरून. त्यानंतर रस्त्याचा सपाटपणा ही मोजायची आणि पैसे कापायची गोष्ट झाली. पुढे १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये देशोदेशीची मोजमापयंत्रं एकत्र आणून जागतिक बँकेने त्यावर एक सामाईक एकक बसवलं. आपल्याकडे बंप इंटिग्रेटर नावाचं एक चाकाचं यंत्र गाडीमागे ओढतात, ते एका किलोमीटरमध्ये चाक एकूण किती मिलीमीटर उसळलं ते सांगतं. बिटुमिनस काँक्रीटच्या रस्त्याला रोड्स काँग्रेसच्या २००४ च्या हिशेबाने २००० च्या आत चांगला, ३००० च्या पुढे वाईट धरत.

सपाटपणावर पैसे ठरायला लागल्यावर हँडल फिरवणाऱ्या माणसावर कोण विसंबून राहणार? १९६० च्या दशकात पेव्हरवर स्वयंचलित नियंत्रण आलं. गंमत अशी की बार्बरने ज्या कडेच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या, त्या आता तारेच्या रूपाने परत आल्या. रस्त्याच्या कडेला खुंट्या ठोकून ठरलेल्या पातळीवर ताणून तार बांधायची. पेव्हरच्या बाजूला सेन्सर, त्याची काडी तारेवर टेकलेली. काडी वर-खाली झाली की सेन्सर विजेचा इशारा देतो, कंट्रोलर तो वाचतो, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कॉइलला झटके देतो आणि हाताचा जोड वर-खाली होतो. तार नसेल तिथे लांब पट्टी सोबत ओढायची आणि तिच्यावर काडी टेकवायची. आडवा उतार राखायला वेगळा सेन्सर, सुरुवातीच्या मशीनमध्ये त्यात लंबक असायचा. यंत्र माणसापेक्षा हुशार नाही. फक्त ते घाबरत नाही, कंटाळत नाही आणि मुकादमाकडे बघत नाही.

यातही माणसाने ठरवायची एक गोष्ट उरते. किती फरकाला दुर्लक्ष करायचं? ही मर्यादा फार बारीक ठेवली तर मशीन सतत वर-खाली करत राहतं, ऑपरेटर म्हणतात मशीन शिकार करतंय. फार मोठी ठेवली तर ते झोपून राहतं. म्हणजे दिवा हिरवा असूनही लाटा येऊ शकतात.

१९८० च्या दशकात काडीच्या जागी आवाज आला. वटवाघळासारखा. सेन्सर ध्वनिलहर सोडतो, ती खालून आदळून परत येते, लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. काही घासत नाही, काही तुटत नाही, छान. पण हवेत आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. ३० अंशांना सेकंदाला साधारण ३४९ मीटर, ६० अंशांना ३६७. गरम डांबराजवळ हवा किती तापते ते शेजारी उभं राहून बघा. सेन्सर ४० सेंटीमीटर उंचीवर असेल आणि त्याने हा फरक धरला नाही तर मापात दोन सेंटीमीटरची चूक! म्हणून बऱ्याच सेन्सरच्या खाली एक छोटी वाकवलेली सळई असते. तिचं अंतर ठरलेलं आहे. सेन्सर आधी तिच्यावरून आलेला प्रतिध्वनी मोजतो आणि हवा किती गरम आहे याचा अंदाज बांधतो. दिसायला ही सळई अगदी निरुपयोगी दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येते.

आणि मग कंप्युटर. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी कॅन नावाची पद्धत आणली. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र वायरींचं जाळं नको, दोन वायरी एकमेकींना पिळून घ्यायच्या आणि सगळ्या डब्यांनी त्याच दोन वायरींवर आळीपाळीने बोलायचं. मोटारींतून ती ट्रक, ट्रॅक्टर आणि रस्त्याच्या मशीनमध्ये आली. बार्बर-ग्रीन तोवर १९९१ मध्ये कॅटरपिलरने विकत घेतली होती. आपल्याकडे सुवर्ण चतुष्कोनाची मोठी कामं निघाली तसे सेन्सरचे पेव्हर गावोगाव दिसायला लागले. काही बाहेरून आलेले, काही गुजरातेत मेहसाण्यात बनलेले. स्पेसिफिकेशनमध्ये सेन्सर असलेला हायड्रोस्टॅटिक पेव्हर असं लिहून आलं आणि तेच तालुक्याच्या टेंडरपर्यंत उतरलं.

मशीन उतरलं. ते दुरुस्त करणारा माणूस उतरला का?

यावर्षी जानेवारीत तोच पेव्हर आपल्या गावाजवळ दुसऱ्या रस्त्यावर परत आला, आणि परत अडला. यावेळी मुकादमाने आपल्या स्टँडजवळच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला बोलावलं. नाव लिहीत नाही, त्यानेच नको म्हटलंय. बारावीनंतर आयटीआय, मग ट्रॅक्टर आणि काळीपिवळी जीपच्या वायरिंगवर हात बसलेला. मी कळल्याबरोबर गेलो. सव्वा तास उभा राहून जे पाहिलं ते सांगतो, कारण मी एवढ्या वर्षांत पाहिलेली सगळ्यात नीट केलेली चौकशी ती होती. आमच्या धंद्यातही इतकी नीट होत नाही.

त्याने आधी काहीच उघडलं नाही. ऑपरेटरला विचारलं, कधीपासून, गरम झाल्यावर की सुरुवातीपासून, मशीन धुतलं होतं का, कुठे वेल्डिंग केलं का. वेल्डिंगचं का विचारलं ते नंतर सांगितलं. कंट्रोलरचे कनेक्टर न काढता मशीनला वेल्डिंग केलं तर करंट भलत्या वाटेने जाऊन कंट्रोलर जळू शकतो. मग बॅटरीचे टर्मिनल आणि चॅसिसची अर्थिंग पाहिली. मग डावा सेन्सर काढून उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. लाल दिवा डावीकडेच राहिला. "पाहा भाऊ, बिमारी जागची हालली नाई. मंजे सेन्सर चांगला हाय." एक पैसा खर्च न करता हजारो रुपयांचा सेन्सर निर्दोष सुटला. त्या मार्चच्या रात्री सर्व्हिसवाल्याने फोनवर तोच बदलायला सांगितला होता.

मग त्याने वायरीकडे मोर्चा वळवला. सेन्सरला जाणारी वायर गुंडाळीची असते, जुन्या लँडलाइन फोनच्या रिसीव्हरला असायची तशी. मल्टिमीटर लावला, २४ व्होल्ट. ऑपरेटर म्हणाला, "करंट तो आ रहा है." आपल्यासारखा माणूस इथे थांबला असता. याने खिशातून छोटा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प काढला आणि सप्लायच्या दोन पिनांना लावला. बल्ब मिणमिणला. मीटर पुन्हा बघितला तर व्होल्टेज ९ वर. आत वायरीचे सगळे पदर तुटलेले, एखादाच चिकटून राहिलेला. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्या एका पदरावरही तो पूर्ण २४ दाखवतो. भार टाकला की खरं बाहेर येतं.

हा बल्ब तू सगळीकडे लावतोस का, मी विचारलं. "नाई नाई भाऊ. कॅनच्या वायरीले बल्ब लावला का कंप्युटर जाते. तिथं मशीन बंद करून ओहम पाहाचे. साठ आले का लाइन धड." हे खरं आहे, मी नंतर तपासलं. त्या दोन वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, ते समांतर मोजले की ६०. १२० दिसले तर एक टोक हरवलंय, शून्याजवळ दिसले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. हे तो कुठे शिकला? मोबाइलवर व्हिडिओ बघून, आणि एक नव्या ट्रकचा कंट्रोलर स्वतः जाळून. भरपाई म्हणून त्या मालकाचं काम त्याने सहा महिने फुकट केलं.

वायरीचा खराब तुकडा कनेक्टरपाशीच होता, तो कापून नवीन पिना दाबल्या. दिवा हिरवा. जाता जाता त्याने सेन्सरच्या खाली बोट दाखवलं. "अन् ही सळई वाकडी कायले हाय?" तीच ती निरुपयोगी दिसणारी सळई. तिच्यावर पाय देऊन लोक मशीनवर चढत होते आणि कोणीतरी पाण्याची बाटलीही अडकवली होती. त्याने ती मापाने सरळ केली. दिवा हिरवा असताना मशीन चुकीचं मोजत राहिलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं.

त्याचे पैसे झाले आठशे रुपये. त्यातले तीनशे मुकादमाने नंतर देतो म्हणून ठेवले.

आता या सगळ्यात आपला काय संबंध, तर बघा. केंद्रीय मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये डांबरी वरच्या थराच्या पातळीत किती फरक चालेल त्याचा तक्ता आहे. मशीनने टाकला असेल तर ६ मिलीमीटर वर-खाली. हाताने टाकला असेल तर १०. दोनच रकाने. माझा साधा प्रश्न आहे. सेन्सर बंद, बटण मॅन्युअलवर, मागे माणूस सळई खुपसून हँडल फिरवतोय, हा रस्ता कोणत्या रकान्यात धरायचा? मशीन तर उभं होतं, डिझेल जळत होतं. पण सपाटपणा हातानेच ठरत होता.

मी माहितीच्या अधिकारात यंत्रसामग्रीची यादी मागितली. आली. सेन्सर पेव्हर : उपलब्ध, होय. सेन्सर चालू आहे का, हा रकानाच नाही. रोजच्या नोंदीत किती टन माल, किती तापमान, कुठून कुठपर्यंत, सगळं आहे. ऑटो की मॅन्युअल, नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला, आठवत असेल. ३६ हजार ६३४ टन मिश्रण, ७२० माणसं दिवसरात्र. सरासरी काढली तर मिनिटाला बारा मीटरच्या आसपास. तेव्हा मीही अभिमानाने लिहिलं होतं आणि ते मागे घेत नाही. विदर्भातल्याच रस्त्यावर हे होऊ शकतं हे दिसलं. पण विक्रमाच्या रात्री कॅमेरे असतात, स्वतंत्र सल्लागार असतात. आपल्या बायपासला रात्री साडेदहाला मुकादम, एक पोरगा आणि मी होतो, आणि मला बटण वाचता आलं नाही.

दुरुस्तीचा आणखी एक धागा. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. वायरिंगचे नकाशे आणि सुटे भाग कंपनीने बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावेत असा तो विषय. बांधकामाची यंत्रं त्या चारात नाहीत. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे त्या पेव्हरचा नकाशा नव्हता. त्याने वायरींचे रंग वहीत लिहून घेतले, पुढच्या वेळेसाठी. ती वही मी पाहिली. अर्धी वही अशीच भरली आहे, वेगवेगळ्या मशीनच्या रंगांनी.

हे सगळं कळल्यावर बदली झालेल्या त्या अभियंत्याला परवा फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, माझी बातमी चुकली होती, डांबर बरोबर होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, त्या रात्री मी पावणेबाराला साइटवर आलो होतो. माझ्या डायरीत लिहून ठेवलंय, सेन्सर बंद, काम मॅन्युअलवर सुरू, थांबवण्याची सूचना दिली. डायरी ऑफिसलाच जमा आहे. तुम्ही मागवा."

अर्ज काल टाकला. तीस दिवसांची मुदत आहे. प्रत आली की इथेच टाकतो.